कोऱ्या पायांचा नमुना

“मळ आहे हो ताई, दुसरं काही नाही. रोज वजरीनं घासते, डाळीचं पीठ लावते, पण मेला निघायचं नाव घेत नाही,” असं म्हणत त्या बाईंनी लेकीची मान धरून पुढे वाकवली. बारा-तेरा वर्षांची पोर लाजेनं पार आक्रसून गेली होती. मानेच्या घडीत काळा, मखमलीसारखा पट्टा होता आणि त्याच्या कडा घासून घासून सोलवटल्या होत्या.

चारुतानं यंत्राची पेन्सिलीएवढी नळी पट्ट्याला टेकवली. हिरवी तिरीप आली नि गेली. पडद्यावर ओळी उमटल्या.

“काकी, हा मळ नाही. हिच्या रक्तात इन्सुलिन वाढलंय. ते वाढलं की मानेतली, काखेतली कातडी जाड होते, काळी पडते. चौदा महिने झालेत. डॉक्टर खाण्यापिण्याचं सांगतील, तसं केलंत की आपोआप उतरेल. आणि या कडा आहेत ना, त्या तुमच्या वजरीच्या. सात महिन्यांच्या.”

बाईंचा हात तोंडावर गेला. “मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न होतं. तेव्हापासूनच घासायला लागले मी! अगो बाई, हे यंत्र आहे की पंचांग?”

यंत्राचं सरकारी नाव थरवाचक. पण तालुक्यात सगळे त्याला पंचांगच म्हणत, आणि चारुता तांडेल ही पंचांगवाली ताई.

जादू अशी काही नव्हती. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आत बसलेल्या असतात. ऊन लागो, घर्षण होवो, बाळंतपणात रक्तातली रसायनं बदलोत, एखादा डिंक, रबर, मलम न मानवो, त्या पेशींना येतं एकच काम. रंग बनवायचा. म्हणून गालावरचा वांग काय, कमरेवरचा परकराच्या नाडीचा वण काय, डोळ्यांना सगळे डाग सारखेच काळे. पूर्वीचे डॉक्टर अंदाजानं मलम देत. पण कातडी आतून चिडली की रंगाचे कण खाली झिरपतात, तिथल्या सफाईच्या पेशी ते गिळतात आणि गिळून वर्षानुवर्षं तिथंच बसून राहतात. रंगाबरोबर चिडवणाऱ्या वस्तूचाही एखादा कण त्यांच्या पोटात जातो. थरवाचकाचा प्रकाश पडला की प्रत्येक कण आपापली खूण परत पाठवतो, आणि जुना कण नव्यापेक्षा वेगळी. त्यावरून डाग कशानं पडला ते कळे, कधीपासून पडला तेही कळे.

उपचारही सोपा झाला होता. एक बारीक सुई. ती टोचली की सफाईच्या पेशी गिळलेलं सोडून देत. अट एकच. डागाचं कारण चाळीस दिवस पूर्ण बंद आहे असं यंत्रानं वाचलं पाहिजे. नाहीतर डाग दुपटीनं परत येई.

“पण ताई, रागावू नका हं,” जाता जाता बाई थबकल्या. “जगाचे डाग काढता, मग तुमच्याच कपाळावर हे काय?”

“वेळ नाही मिळत,” चारुता हसली.

दोन भुवयांच्या मधोमध तिच्या कपाळावर गोल काळा डाग होता, रुपयाच्या नाण्याएवढा. टिकली काढली तरी टिकली होतीच. कारण वाचायला यंत्र नको होतं. टिकलीचा डिंक तिला मानवत नव्हता. आधी शिताएवढा डाग पडला, तो झाकायला तिनं मोठी टिकली आणली, तिच्या कडेकडेनं डाग पसरला, मग त्याहून मोठी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर चारुता त्या बाईला चांगलीच ओरडली असती. कुंकू लावून पाहिलं, तर त्या रंगानंही कपाळ पेटलं. उपाय उरला तो एकच, काहीही न लावण्याचा. आणि शेळपी गावातल्या तिच्या सासरच्या घरात काही न लावता वावरणं म्हणजे एक वाक्य मोठ्यानं बोलून दाखवण्यासारखं होतं.

तिचा नवरा निनाद गेला नाही, असं त्या घरात सगळ्यांनी धरलं होतं.

सात वर्षांपूर्वी तो समुद्रातल्या तरत्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला गेला होता. परतताना वादळात होडी उलटली. होडीत चौघे होते. तिघे सापडले, दोन दिवसांत. निनाद सापडला नाही. चारुताला तेव्हा पाचवा महिना होता. किनाऱ्यावर माणसं पांगली तेव्हा सासूबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि लाटेत भिरकावल्या.

“माझो झील घराक येयपर्यंत पायात चपला घालूचंय नाय,” त्या म्हणाल्या. झील म्हणजे मुलगा.

तेव्हापासून उन्हातान्हात, खडीवरून, काट्यांतून त्या अनवाणी फिरत. गावातल्या बाया त्यांना वाट करून देत. आणि त्या अनवाणी बाईच्या समोर बसून कपाळ मोकळं ठेवायचं? चारुताला ते जमलंच नाही.

तिची स्वतःची आशा दुसऱ्याच वर्षी संपली होती. या नोकरीचा अर्ज भरताना पतीच्या नावापुढे तिच्या हातानं आपोआप ‘कै.’ लिहिलं. ती त्या एका अक्षराकडे बघत राहिली. मग खाडाखोड केली, नवा अर्ज मागून घेतला. पण हाताला कळलं ते डोक्याला खोडता आलं नाही. त्यानंतर रोज सकाळी तालुक्याची बस वळणाआड गेली की ती टिकली काढी, आणि संध्याकाळी शेळपीच्या फाट्यावर उतरली की फोनच्या काळ्या काचेत बघून परत लावी. लोक घरात शिरताना चपला काढतात, ही टिकली चढवत होती. हसू यावं असंच होतं ते, पण तिच्याबरोबर हसणारं कुणी नव्हतं.

*

त्या दिवशी ती घरी पोचली तर मिहिका पायरीवर बसून तळव्यातला काटा काढत होती. सात वर्षांची पोर, ओठ दातांत धरून.

“मिहू, सँडल कुठे?”

“सोडल्या.”

“सोडल्या म्हणजे?”

“आज्जीचे पाय म्हातारे झालेत ना, म्हणून अर्धा नवस मी घेतला. दोघींनी केला तर बाबा लवकर येतील. शाळेत पण तशीच गेले. बाईंनी विचारलं, मी सांगितलं नवस आहे.”

तिनं आत पाहिलं. सासूबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांचं ऐकण्याकडे लक्ष नाही असं कुणालाही वाटलं असतं, पण हातातला चमचा ढवळायचा थांबला होता.

“आई, तुम्ही तरी सांगा हिला.”

“काय सांगू?” त्या वळल्या नाहीत. “माझा ती ऐकता खय?”

रात्री मिहूच्या तळव्यांना खोबरेल लावताना चारुता दहादा बोलायला गेली. बाळा, बाबा. एवढंच व्हायचं आणि पुढचा शब्द निघायचा नाही. आजवर ही वाट बघण्याची गोष्ट दोघी मोठ्या बायकांची होती. पोरीला ती कधी कुणी शिकवली नव्हती. पण घरात जे चालतं ते पोरं उचलतात, वाढता वाढता. आता ही त्या माणसासाठी पाय सोलून घेणार होती, ज्याला तिनं पाहिलंही नाही.

*

दुसऱ्याच आठवड्यात जिल्ह्याच्या मुख्य केंद्रातून फोन आला. यंत्राला पायाचे डाग वाचताना अडचण येत होती. प्रत्येकाच्या पायावर चपलेची काही ना काही खूण असतेच. त्यामुळे मुळात कोरी कातडी कशी असते तेच यंत्राला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं अनवाणी राहिलेलं कुणी मिळालं, तर त्या पायांचा नमुना घेऊन पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

“आमच्या आई आहेत की,” चारुता बोलून गेली. “सात वर्षं. एक दिवसही चुकलेला नाही.”

बोलताना तिचा आवाज अभिमानानं भरून आला. फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. आपला विश्वास उडालाय, तरी त्यांचा टिकून आहे याचा हा कसला आधार?

सासूबाईंनी मात्र ऐकताक्षणी झिडकारलं.

“पाय म्हणजे काय प्रदर्शनात मांडूची वस्तू आसा?”

“पाच मिनिटांचं काम आहे हो. दुखत नाही.”

“नको म्हटलंय ना एकदा!”

“आज्जी घाबरली, आज्जी घाबरली,” मिहूनं टाळ्या पिटल्या.

“गप ऱ्हव गो! घाबरता माझी चप्पल,” असं त्या म्हणाल्या, आणि एकदम ओठ मिटून घेतले. सवयीचं बोलणं, तोंडातून निसटलेलं. चारुताला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मग सासूबाईंनी विचारलं, “ता यंत्र... ता सगळा सांगता? दिवस पण?”

“दिवस नाही, पण महिना सांगतं.”

“खोटा सांगणा नाय?”

“त्याला खोटं येतच नाही आई.”

सासूबाईंनी दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

तीन दिवसांनी मिहूच्या टाचेत काचेचा तुकडा शिरला. चार टाके पडले. टाके घालताना पोर रडली नाही. डॉक्टरांनाच विचारत राहिली, पट्टीवरून चप्पल घातली नाही तर चालेल ना. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका म्हातारा दिसला.

*

पुढच्या बुधवारी, दुपारचे रुग्ण संपत आले असताना, केंद्राच्या व्हरांड्यात सासूबाई दिसल्या. मिहूचा हात धरून, बसनं आलेल्या. नळावर पाय खसखसून धुतले, नातीला बाकावर बसवलं, आणि आत येऊन थेट टेबलावर चढून बसल्या.

“दार लाव. वाच माझे पाय.”

“अहो, आधी सांगायचं तरी! मी घरी आले असते मशीन घेऊन.”

“घराक नको. हय वाच.”

चारुतानं अर्जात नाव भरलं, लतिका तांडेल, वय सहासष्ट. मग टेबलाशी गुडघ्यांवर बसली. इतकी वर्षं एका घरात राहून तिनं हे पाय कधी नीट पाहिले नव्हते. ते नेहमी लाल मातीनं माखलेले असत. आता धुतलेल्या पावलांवर, अंगठ्याच्या बेचक्यातून दोन्ही बाजूंना फाकत गेलेल्या दोन काळपट रेघा तिला दिसल्या. ऊन असेल, तिनं मनात म्हटलं. नळी टेकवली. हिरवी तिरीप आली नि गेली.

‘उजवं पाऊल, वरची बाजू. कारण: रबरातलं रसायन आणि पट्ट्याचं घर्षण. सुरुवात: तीन वर्षं, दोन महिने. शेवटचा संपर्क: या आठवड्यात.’

तिनं नळी पुसली, पुन्हा टेकवली. मग डावं पाऊल. तेच.



“वाच,” सासूबाई म्हणाल्या. “मोठ्यान.”

“काही नाही आई. कोरे आहेत. एकदम कोरे.”

“खोटा बोलतंस.”

“नाही, खरंच...”

“माका बोलाक होईना, म्हणान यंत्राकडे इलंय. आणि तू यंत्राचाच तोंड दाबतंस?”

चारुतानं वाचलं. तीन वर्षं, दोन महिने, इथपर्यंत आल्यावर तिचा आवाज चिरकला.

सासूबाईंनी मान डोलावली, जणू कुणी त्यांची जन्मतारीख बरोबर सांगितली होती. “फाट्यावरच्या दगडी गडग्यात एक भोक आसा. दगड काढलो की निळ्या सपाता. बाजाराक जाताना घालतंय, येताना ठेवतंय.”

“पण का आई? म्हणजे... कधी वाटलं तुम्हाला?”

“काटो लागलो एक दिवस. लय खोल. रस्त्यात बसान काढूक लागलंय, आणि मनात इला, ह्या कोणासाठी गो? बस. तितक्यात काय ता समाजला. वारो नाय, वीज नाय, काय नाय. उठलंय आणि त्याच दिवशी बाजारात सपाता घेतलंय.” त्या थांबल्या. “आणि थयच तू दिसलंस. नर्सबायबरोबर वडापाव खाय होतंस. हसत. कपाळ मोकळा.”

चारुताचा हात नकळत कपाळावर गेला. कपाळ आताही मोकळंच होतं. सासूबाई आल्या त्या गडबडीत टिकली लावायचं तिला सुचलंच नव्हतं.

“तुम्ही पाहिलंत? मग बोलला का नाहीत?”

“लय राग इलो. म्हटला, जातंय आणि सगळ्यांदेखत विचारतंय. दोन पावला टाकलंय आणि माझ्याच पायाकडे नजर गेली.” सासूबाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “मासेवालीच्या टोपलीमागे लपलंय मगे. अर्धो तास. बांगड्यांच्या वासात.”

चारुताला हसू फुटलं. सासूबाईही हसल्या, तोंडावर पदर धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि हसता हसताच चारुताला कळलं की आपण दोघी रडतोय. तीन वर्षं. एका घरात, एका चुलीशी, रात्री एकाच दिव्याखाली. एक दुसरीची आशा जपत होती, आणि ती आशा तिथं नव्हतीच; दुसरी मोडलेल्या नवसाच्या लाजेनं गप्प होती. निनादसाठी मनसोक्त रडायला दोघींना एकमेकींची गरज होती, आणि दोघी आपापल्या कोपऱ्यात तोंड दाबून बसल्या होत्या. केवढा वेळ गेला होता.

“कपाळाचा काय म्हणता?” डोळे पुसत सासूबाईंनी विचारलं. बोट पुढे करून त्यांनी डागाला हलकंच स्पर्श केला. “दुखता?”

“खाजतं. चाळीस दिवस काही लावलं नाही तर सुई देता येते.”

“मगे आजपासून मोज.”

चारुतानं मान हलवली. मग दोघींचंही लक्ष एकदमच दाराकडे गेलं. दारापलीकडे बाकाच्या पायावर धड पायाची टाच आपटल्याचा धप धप आवाज येत होता.

“मी सांगते तिला,” चारुता म्हणाली.

“नको. नवस माझो होतो. मीच सांगतंय.”

पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीत चारुतानं शेरा लिहिला: नमुना वापरू नये. कातडी कोरी नाही. आणि यंत्र बंद केलं.

*

“आज्जी पास झाली?” मिहूनं विचारलं.

सासूबाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. पोरीचा पट्टी बांधलेला पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. “बाय गो, तुझो बापूस येवचो नाय.”

“कधी?”

“कधीच नाय.”

“मशीननं सांगितलं?” मिहूचा आवाज चढला. “मशीनला काय माहीत? मशीननं बाबांना बघितलं तरी आहे का?”

“मशीनान नाय सांगूक. मी सांगतंय. समुद्रान नेलो त्याका. माका माहीत होता, आणि मी बोललंय नाय. चुकी माझी.”

मिहूनं आईकडे पाहिलं. आई नाही म्हणेल, आज्जीला गप्प बसवेल, याची ती वाट बघत होती. चारुता खाली बसली, पोरीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि इतकी वर्षं अडकलेला तो शब्द अखेर बाहेर आला. “हो बाळा.”

पोर रडली नाही. तिनं हात सोडवून घेतले.

“तुम्ही दोघी खोटारड्या आहात,” ती म्हणाली.

बसमध्ये ती पुढच्या सीटवर एकटी बसली, खिडकीला नाक लावून. दोघी मागच्या सीटवर. चारुताच्या मांडीवर लेकीच्या सँडल होत्या. सकाळी सासूबाईंनी पिशवीत टाकून आणलेल्या, नव्या, पट्टीवर बेतानं बसतील अशा सैल. शेळपीचा फाटा आला. तिघी उतरल्या. हिवाळ्यातली दुपार कलली होती, खाडीवरून गार वारा येत होता. घरापर्यंत अर्ध्या कोसाची वाट, नवी खडी टाकलेली.

“मिहू, सँडल घाल.”

मिहूनं मागं पाहिलंही नाही. बांधलेली टाच उचलून, चवड्यावर लंगडत, ती खडीवरून चालू लागली. पाठ ताठ, मुठी वळलेल्या. मध्येच एखादा दगड टोचे, तेव्हा ती थबके. मग पुढचं पाऊल जरा जोरातच टाकी. त्या घरात निनादची वाट बघणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते सात वर्षांचं होतं.

चारुता तिच्या मागं धावायला निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

“उचलून घे गो तिका,” सासूबाई कळवळून म्हणाल्या. “टाको तुटात. खडी टोचता तिका.”

“घेते. थोडं पुढं गेल्यावर घेते,” चारुता म्हणाली. तिनं सँडल छातीशी धरल्या आणि लेकीच्या चार पावलं मागून, तिच्याच चालीनं, हळूहळू चालायला लागली. “आपल्याला हे मानायला वर्षं लागली, आई. तिला त्या वळणापर्यंत तरी चालू द्या.”